नाशिक: गंगेकाठच्या जुन्या वसाहतीत घर घेताना कोणत्या पातळ्या तपासायच्या?

काठावरचा (धागाकर्ता)

अशोक स्तंभ, घारपुरे घाट, जुना गंगापूर नाका, टिळकवाडी, पलीकडे रामवाडी, हनुमानवाडी, पंचवटी: गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, दोन्ही काठांवरच्या या जुन्या वसाहती. मेनरोड, रविवार कारंजा, सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) पायी अंतरावर. शाळा, दवाखाने, भाजी हाताशी, जुनी मोठी झाडं. म्हणूनच इथल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतींतल्या सदनिकांनाही गिऱ्हाईक असतं.

घर बघायला येणारे एकच प्रश्न विचारतात, "पूररेषेत आहे का?" आणि हो-नाही ऐकून पुढे जातात. तो प्रश्न अर्धाच आहे. इथे तळमजल्यावर पाणी बहुतेक वेळा नदीकडच्या बाजूने वाहत येत नाही. ते आधी नहाणीच्या जाळीतून आणि आवारातल्या चेंबरमधून वर येतं. नदी अजून दोन गल्ल्या लांब असते, तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी असतं.

म्हणून तीन पातळ्या हव्यात. पहिली, आपल्या प्लॉटजवळची लाल पूररेषा. दुसरी, इमारतीचं जोतं. तिसरी, घरातलं सर्वांत खालचं तोंड, म्हणजे नहाणीची जाळी किंवा चेंबरचं झाकण. व्यवहार पहिल्या दोन पातळ्यांवर होतात, त्रास तिसरीवरून होतो. जाणकारांनी भर घालावी.

समतल

पूररेषेबद्दल थोडं सविस्तर, कारण यात फार घोळ होतात.

निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. "शंभर वर्षांतून एकदा" ऐकून लोक निर्धास्त होतात. त्याचा खरा अर्थ, दरवर्षी 1 टक्का शक्यता. 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत लाल रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता साधारण 18 टक्के होते आणि निळ्या रेषेपर्यंत येण्याची 56 टक्के. हा आकडा समोर ठेवून किंमत बोला.

नियम असा: नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम नाही. बाग, मोकळी जागा, वाहनतळ असे मोजके वापर चालतात. निळी आणि लाल यांच्यामध्ये बांधता येतं, पण लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान 0.45 मीटर वर.

आता मोजायचं कसं. नाशिकच्या गोदावरीच्या पूररेषा 2008 च्या पुरानंतर आखल्या गेल्या. त्यामुळे त्याआधीच्या मंजूर नकाशावर पूररेषा दिसत नाही म्हणजे जागा बाहेर आहे असं समजू नका. सिटी सर्व्हे नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागाकडून भाग नकाशा आणि झोन दाखला काढा. त्यावर रेषा प्लॉटच्या कोणत्या बाजूने जाते ते कळतं. पातळीचा आकडा मात्र जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर असतो, समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, नदीच्या प्रत्येक काटछेदाला, म्हणजे पात्राच्या आडव्या छेदाला, वेगळा. आनंदवल्लीचा आकडा रामकुंडाजवळ लावायचा नाही. नदी उताराने वाहते, तसा पुराच्या पाण्याचा माथाही उतरत जातो. आपल्या प्लॉटच्या वरचा आणि खालचा, असे दोन काटछेद घेऊन मधला आकडा काढायचा.

मग सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हलने (पातळी मोजायच्या दुर्बिणीने) जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची पक्की माहीत असलेल्या खुणेपासून, पातळी आणून चार ठिकाणी घ्यायची: रस्त्याचा मध्य, आवारातल्या शेवटच्या चेंबरचं झाकण, जोतं, नहाणीची जाळी. अर्ध्या दिवसाचं काम आहे. मोबाईलवरची उंची घेऊ नका, त्यात काही मीटरची चूक सहज येते आणि इथे निर्णय अर्ध्या फुटावर ठरतो.

पाटकरी

समतल यांनी नीट मांडलं. पावसाळ्यात बातम्या कशा वाचायच्या ते सांगतो.

गंगापूर धरणातून सुटणारं पाणी क्युसेकमध्ये सांगतात. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. 10,000 क्युसेक म्हणजे सेकंदाला 283 घनमीटर. पण धरणाचा आकडा हा शहरातला आकडा नव्हे. काश्यपी आणि गौतमी-गोदावरी ही धरणं गंगापूरच्या वर आहेत, त्यांचं पाणी गंगापूरमध्येच येतं. आळंदीचं पाणी मात्र गंगापूरच्या खाली नदीला मिळतं, शिवाय शहरातले सगळे नाले. म्हणून होळकर पुलाखालून जाणारा विसर्ग वेगळा सांगितला जातो. काठावर राहणाऱ्याने तोच बघावा. शहरात जोराचा पाऊस चालू असेल तर धरणाचे दरवाजे बंद असतानाही होळकर पुलाचा आकडा चढतो.

दुसरी गोष्ट, विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतात. एकदम मोठा आकडा येईल म्हणून वाट बघत बसू नका. पहिली वाढ जाहीर झाली की गाड्या वर काढायच्या. धरण भरलेलं असेल आणि घाटमाथ्यावर, त्र्यंबक-आंबोलीकडे पाऊस चालूच असेल, तर पुढची वाढ ठरलेली. जुलैमध्ये धरण रिकामं असताना तोच पाऊस शहराला फारसा जाणवत नाही.

गंगेच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती हे नाशिकचं पुराचं जुनं माप आणि ते अजूनही उपयोगी आहे. मात्र पातळी म्हणून नाही, खूण म्हणून. जागा बघायला जाल तेव्हा शेजारच्या तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशांना असं विचारा, "मारुतीच्या गुडघ्याला पाणी असतं तेव्हा तुमच्या गल्लीत काय होतं? कमरेला असतं तेव्हा? छातीला?" उत्तर अगदी नेमकं मिळतं. "कमरेला आलं की चेंबर फसफसतो" हे एक वाक्य दहा कागदांएवढं आहे. 2008, 2016 आणि 2019 या तीन वर्षांबद्दल वेगवेगळं विचारा. तिन्ही पुरांची उंची सारखी नव्हती, त्यामुळे पाणी कुठे थांबलं त्यावरून उतार कळतो.

नळजोड

मुख्य मुद्दा धागाकर्त्याने धरला आहे, त्याची कारणं आणि उपाय लिहितो.

मलवाहिका उताराने वाहते आणि उतार नदीकडे असतो, म्हणून मोठ्या वाहिन्या काठाकाठाने टाकलेल्या असतात. पावसात त्यांत पावसाचं पाणी घुसतं, पुढचं पंपिंग कमी पडतं, वाहिनी तुडुंब भरते. पावसाळी गटारांची तोंडं तर थेट नदीत. नदी चढली की ती बुडतात आणि पाणी उलटं फिरतं. दोन्हींमधलं पाणी सर्वांत खालचं तोंड शोधतं.

उपाय नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे एका दिशेला उघडणारी झडप. बहुतेकजण ती चुकीच्या जागी बसवतात, इमारतीच्या शेवटच्या चेंबरपाशी, सगळ्या इमारतीला मिळून एक. पुरात झडप बंद होते, बाहेरचं पाणी थांबतं. पण वरच्या तीन मजल्यांवर आंघोळी आणि कपडे धुणं चालूच असतं. त्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही, मग ते तळमजल्याच्या नहाणीतून वर येतं. नाव नदीचं होतं, पाणी वरच्या मजल्याचं असतं.

बरोबर पद्धत: तळमजल्याची वाहिनी वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपपासून पूर्ण वेगळी करायची, वेगळ्या चेंबरमध्ये आणायची आणि झडप फक्त तिच्यावर. वरच्या मजल्यांची वाहिनी थेट बाहेरच्या चेंबरला. तिच्यात पाणी तुंबलं तरी दहा फूट उंच पाइपात चढेल, घरात येणार नाही. अट एकच, बाहेरच्या चेंबरपर्यंत या वाहिनीवर मध्ये कुठे उघडं झाकण नसावं. झाकण असेल तर ते बोल्ट आणि रबर पट्टीचं हवं.

मापं: तळमजल्याच्या एका सदनिकेला 110 मिमी पुरते, दोन-तीन सदनिका एकत्र असतील तर 160 मिमी. झडपेचं चेंबर आतून किमान दोन फूट बाय तीन फूट, म्हणजे हात घालून पाकळी काढता येते. झडपेच्या आधी थोडा उतार राखा, पाकळीपाशी मैला साचला की ती अर्धवट उघडी राहते. केस, कापडाच्या चिंध्या, सॅनिटरी पॅड हे नेहमीचे शत्रू. दर तीन महिन्यांनी उघडून धुवायची आणि मे महिन्यात चाचणी घ्यायची: बाहेरच्या बाजूने दोन बादल्या पाणी ओतायचं, आतल्या बाजूला पाझर दिसला तर रबर बदलायचं.

भाड्याच्या घरात हे जमत नसेल तर नहाणीच्या जाळीखाली बसणारा फुगणारा रबर प्लग मिळतो, वरची चकती फिरवली की आवळतो. जाळीचा आतला व्यास मोजून आधीच आणून ठेवा. कमोडसाठी जाड प्लास्टिक पिशवीत वाळू भरून आत दाबून बसवायची. नुसती वरून पिशवी ठेवली तर पाणी ती उचलून टाकतं.

आणखी एक, आणि हे सोसायटीनेच करायचं आहे. गच्चीचे पावसाचे पाइप मलवाहिकेच्या चेंबरला जोडलेले असतात, जुन्या इमारतींत सर्रास. 200 चौरस मीटरची गच्ची, तासाला 50 मिमी पाऊस, म्हणजे तासाला 10,000 लिटर पाणी आपल्याच ड्रेनेजमध्ये. नदी शांत असली तरी तळमजला बुडतो. हे पाइप तोडून शोषखड्ड्याकडे किंवा पावसाळी गटाराकडे वळवा. खर्च कमी, फरक सर्वांत जास्त.

वाघाडीकर

नदीएवढेच नाले महत्त्वाचे आहेत. सराफ बाजार, दहीपूल, भांडीबाजार इथे पाणी भरतं ते बऱ्याचदा सरस्वती नाल्याचं. नाला वरून बंदिस्त आहे, अर्ध्या तासाच्या मुसळधार पावसात त्याला तेवढं पाणी पेलत नाही आणि गंगेला पूर असेल तर तोंडही बंद. पंचवटीत वाघाडीचं तसंच. मुंबई नाका-द्वारका-टाकळी बाजूला नासर्डी. नाल्यापासून 50-100 मीटरवरचं घर घेताना "नदी लांब आहे" हा दिलासा कामाचा नाही. नाल्याचं पाणी इशारा न देता येतं, धरणासारखी सूचना त्याला नसते.

आणि एक सांगतो, पाण्यापलीकडेही इथला दिनक्रम घाटाशी बांधलेला आहे. बुधवारच्या बाजाराला गंगाघाटाकडचे रस्ते भरतात. चैत्रात रथ निघतात तेव्हा, रंगपंचमीला शनि चौकात रहाड (रंगाच्या पाण्याचा हौद) असते तेव्हा, पितृपक्षात रामकुंडावर गर्दी असते तेव्हा गाडी बाहेर काढणं विसरायचं. सिंहस्थात तर वाहनबंदीचे टप्पे पार आपल्या दारापर्यंत येतात. राहत्या पत्त्याचा पुरावा गाडीतच ठेवायची सवय लावा.

हवेशीर

प्रश्न आहे. जिना चढवत नाही अशा वयस्कर माणसांसाठी याच भागात तळमजला हवा असेल तर? आणि दारापुढे फळी लावून पाणी अडवतात ते टिकतं का?

समतल

हवेशीर, फळी टिकते, पण दोन फुटांपर्यंतच. हिशोब असा: 0.6 मीटर पाण्याचा दाब भिंतीच्या किंवा फळीच्या दर मीटर लांबीवर सुमारे 180 किलो. 1 मीटर पाणी झालं की 500 किलो, 1.2 मीटरला 720 किलो. उंची दुप्पट झाली की दाब चौपट. जुन्या विटांच्या भिंती असा आडवा दाब घेण्यासाठी बांधलेल्या नसतात. दोन फुटांवर पाणी जाणार असं दिसलं तर फळी काढून पाणी आत येऊ द्यायचं, माणसं आणि सामान वर न्यायचं. भिंत वाचवणं महत्त्वाचं.

फळी करायची तर दाराच्या दोन्ही बाजूंना आणि उंबऱ्यावर ॲल्युमिनियमचा चॅनेल, आत रबर पट्टी, 19 मिमी मरीन प्लाय. रबर दाबायला वरून दोन खिट्ट्या. नळजोड यांनी सांगितलेली झडप नसेल तर फळीचा काहीही उपयोग नाही, पाणी आतूनच येतं.

तळमजलाच हवा असेल तर लाल रेषेच्या बाहेरचा घ्या, नदीपासून दोन रस्ते आत. तिथेही चेंबर बघून. नाहीतर लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिला मजला.

मीटरपेटी

लिफ्टचा विषय निघाला म्हणून. पावसाळ्यात रात्री लिफ्ट खाली उभी ठेवू नका, दुसऱ्या मजल्यावर थांबवून बंद करा. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी शिरलं तर पंपाने उपसून कंपनीच्या माणसाने खालचे स्विच आणि केबल तपासल्याशिवाय चालू करायची नाही.

मीटर बोर्ड पार्किंगमध्ये कमरेच्या उंचीवर असेल तर तो पहिल्या मजल्याच्या जिन्यावर हलवा. महावितरणकडे सोसायटीच्या नावाने अर्ज करायचा, मीटर ते हलवतात, आतली वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून आपण करायची. तळमजल्यावर सॉकेट चार फुटांवर घ्या आणि तळमजल्याचं सर्किट वेगळ्या 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच तोडणारा स्विच) घ्या, म्हणजे तेवढंच बंद करून वर वीज चालू ठेवता येते. पाणी उंबऱ्याला लागायच्या आत मेन स्विच बंद. पाण्यात उभं राहून बोर्डाला हात लावायचा नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. इलेक्ट्रिक गाडीचं चार्जिंग पॉइंटही याच हिशोबात घ्या.

गाडी बुडालीच तर किल्ली फिरवू नका. इंजिनात पाणी असताना चालू केली की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान साध्या सर्वसमावेशक विम्यात सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाची जोड घ्यावी लागते.

चुनाविटा

भिंतींबद्दल. काठावरच्या वाड्यांत आणि जुन्या बंगल्यांत ओल खालून चढते. घाईने सिमेंटचा गिलावा मारतात, वर जलरोधक रंग. ओल आत कोंडते आणि आणखी तीन फूट वर सरकून लोणा फुटतो. दगड-विटा-मातीच्या भिंतीला चुन्याचाच गिलावा, म्हणजे भिंत श्वास घेते. पुरानंतर ओला गिलावा ओलीच्या खुणेच्या फुटाभर वरपर्यंत काढून टाका, भिंत धुवा, दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाळू द्या. एक आख्खा हिवाळा जाऊ द्या, मगच रंग. दिवाळीसाठी घाईने रंगवलेली भिंत होळीपर्यंत पोपडे सोडते.

तळमजल्यावर प्लायवुडची कपाटं नकोत. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली कडाप्पाचे उभे दगड आणि वर दारं लावा, पाणी गेलं की पाइप मारून धुता येतं.

कुंपणाची भिंत नदीकडच्या बाजूला आख्खी बंद बांधू नका. पाणी उतरताना बाहेरची पातळी आधी खाली जाते, आतलं पाणी अडतं आणि भिंत बाहेर कोसळते. तळाशी दर दोन मीटरवर वीटभर भोक ठेवा, आतून जाळी लावा, साप येणार नाहीत.

नळजोड

पाण्याची टाकी राहिली. जमिनीखालच्या टाकीचं तोंड आवाराच्या फरशीपासून किमान दीड फूट वर उचला, झाकण रबर पट्टीचं, ओव्हरफ्लोच्या पाइपाला उलटं पाणी येऊ न देणारी झडप. प्लास्टिकची टाकी पुरलेली असेल तर पावसाळ्यात ती रिकामी ठेवू नका, भूजल चढलं की ती खालून उचलली जाते आणि जोड तुटतात.

पुराचं पाणी आत गेलंच तर टाकी उपसून, घासून, पुन्हा भरायची. दर 1,000 लिटरला 200 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, निवळ वरचं पाणी टाकायचं. रात्रभर ठेवायचं, सगळे नळ थोडे उघडून पाइपातही ते जाऊ द्यायचं, मग ओतून द्यायचं, पण नदीत किंवा झाडांना नाही. पुन्हा भरल्यावर रोजच्या वापरासाठी दर 1,000 लिटरला 2.5 ग्रॅम पुरते, अर्धा तास थांबून वापरा. उघड्या पोत्यातली जुनी पावडर वास येत असली तरी जोर गेलेली असते.

काठावरचा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार, हेच हवं होतं. दोन भर घालतो.

पुनर्विकासाची जाहिरात बघून जुनी सदनिका घेणाऱ्यांनी आधी मानीव अभिहस्तांतरण (जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे होणं) झालं आहे का आणि प्लॉट कोणत्या रेषेच्या आत आहे ते बघावं. निळ्या आणि लाल रेषेमधल्या प्लॉटवर 0.45 मीटरची अट पाळताना तळाला पार्किंगच येतं. तळमजल्याच्या सदनिकाधारकाला वर जागा मिळणार की नाही, हे करारनाम्यात मजल्यासकट लिहून घ्या. पुनर्विकासासाठी शासनाचा 4 जुलै 2019 चा निर्णय वाचा, सभेची पद्धत त्यात दिली आहे.

विमा: भारत गृह रक्षा या प्रमाणित पॉलिसीत पूर धरलेला असतो. इमारतीबरोबर सामानाचा विमा आपोआप येतो तो इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत. जास्त हवा तर आधीच यादी द्या. पाणी ओसरल्यावर चिखल काढायच्या आधी भिंतीवर पाण्याची खूण, तारखेसह फोटो, मग पंचनामा, मग साफसफाई. उलट क्रम झाला की दावा अडतो.

हवेशीर

आभारी आहे. एक शेवटचं, हिवाळ्यात नदीत पाणवेली वाढतात तेव्हा डास फार होतात म्हणतात. काठावरून किती आतपर्यंत?

वाघाडीकर

अंतरापेक्षा इमारतीचा व्हेंट पाइप बघा. घाण साचलेल्या पाण्यातला डास क्युलेक्स, तो पाणवेलींखाली वाढतो तसा आपल्याच ड्रेनेज चेंबरमध्ये आणि सेप्टिक टाकीतही वाढतो. गच्चीवरच्या प्रत्येक व्हेंटच्या तोंडाला नायलॉनची जाळी तारेने बांधा, चेंबरच्या झाकणांच्या फटी बुजवा. न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, पाण्याचा अडसर वाळला की वास आणि डास दोन्ही त्यातूनच येतात. डेंग्यूचा डास वेगळा, तो घरातल्या स्वच्छ पाण्यात, कुंडीखालच्या ताटलीत असतो, त्याला नदीशी काही देणंघेणं नाही.

नळजोड

जाळी नायलॉनचीच, वाघाडीकर बरोबर सांगताहेत. लोखंडी जाळी गटारातल्या वायूने दोन पावसाळ्यांत गळून पडते.